राजवाद आणि पंडितवाद : हिंसेच्या विद्यापीठीय चर्चेतील स्वपक्षपात

'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथाच्या प्रारंभीच्या भागात एक लहानसा प्रसंग आहे. यवन राजा मिलिंद भदन्त नागसेनांस पुन्हा चर्चेसाठी विनंती करतो, तेव्हा नागसेन त्यास एक अट घालतात. राजा पंडितांच्या रीतीने वाद करणार असेल तर चर्चा होईल. राजांच्या रीतीने करणार असेल तर होणार नाही. या दोन रीतींत भेद कोणता, असे मिलिंद विचारतो. नागसेनांच्या उत्तराचा आशय असा, की पंडितांच्या वादात गुंता घातला जातो आणि उकललाही जातो, प्रतिपक्षाचे खंडन होते, चूक दाखविली जाते, दाखविलेली चूक मान्य केली जाते, आणि इतके सारे होऊनही पंडितांना क्रोध येत नाही. राजे मात्र एक पक्ष धरून बसतात व जो तो पक्ष मान्य करीत नाही त्यास दंड फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो. पुढचा संपूर्ण ग्रंथ या एका अटीवर उभा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. नावामागचा हेतू सांगताना आपले वक्ते बहुधा असे म्हणतात की, विद्यार्थी मिलिंदासारखा जिज्ञासू आणि गुरू नागसेनासारखा समर्थ असावा. ते खरेच आहे. परंतु त्या अटीचा उल्लेख आमच्या ऐकण्यात फार क्वचित येतो. शिवाय आणखी एक गोष्ट नजरेआड होते. एक पक्ष यवन आहे, राज्यकर्ता आहे, सोबत पाचशे यवनांचा परिवार घेऊन आलेला आहे. दुसरा पक्ष या भूमीतील भिक्खू आहे. एवढ्या प्रदीर्घ संवादात या दोहोंपैकी एकही आपल्या देशाचे नाव पुढे करून प्रश्न टाळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. जगात चाललेल्या हिंसेविषयी विद्यापीठांतून, परिसंवादांतून आणि आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांतून जी चर्चा होते ती राजवादाच्या रीतीने होते की पंडितवादाच्या, हे तपासावयाचे आहे. राजवाद ओळखण्यास फार लांब जावे लागत नाही. मराठी व्याकरणच तो उघड करते. परक्याने केलेली हिंसा आपण कर्त्यासह सांगतो: त्यांनी मारले, त्यांनी जाळले, त्यांनी हाकलले. आपल्या बाजूने झालेल्या हिंसेची वेळ आली की कर्ता वाक्यातून निघून जातो. मग 'अनुचित प्रकार घडले', 'काही ठिकाणी जीवितहानी झाली', 'परिस्थिती चिघळली' असे लिहिले जाते. गाझा, युक्रेन, रवांडा, बोस्निया, काश्मीर, म्यानमार यांपैकी कोणत्याही विषयावरील निबंध घेऊन त्यातील क्रियापदे पाहावीत. लेखक कोणत्या बाजूचा आहे हे त्याने न सांगताही कळते. इंग्रजीतही हीच युक्ती चालते, पण मराठीत ती अधिक सहज जमते, कारण 'झाले' आणि 'घडले' ही क्रियापदे आपल्या जिभेवरच बसलेली असतात.

या रोगाची परीक्षा करण्यास बौद्ध वाचकाच्या हाती एक फार समर्थ संहिता आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील शाक्य संघाचे प्रकरण ही ती संहिता होय. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा, म्हणजे वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य पाहून त्यास वैराग्य आले ही कथा, बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच अमान्य केली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोपर्यंत म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता हे बुद्धीस पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे शाक्य-कोलियांच्या कलहाकडे बोट दाखविले होतेच. बाबासाहेबांनी त्या धाग्यातून एक संपूर्ण सभागृह उभे केले. बहुतेक समीक्षक या ठिकाणी ऐतिहासिकतेच्या प्रश्नावर थांबतात. अट्ठकथांत हा कलह तथागतांच्या बुद्धत्वप्राप्तीनंतर येतो, तो बाबासाहेबांनी आधी कसा आणला, असे विचारतात. हा प्रश्न वाजवी आहे. पण त्यात अडकून पडल्यामुळे त्या सभागृहात नेमके काय घडते याचे वाचन राहून गेले.

ते वाचन करू या. विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद होतो. त्या वेळी त्यास सभासदाची कर्तव्ये सांगितली जातात. तन, मन आणि धन वेचून शाक्यांच्या हिताचे रक्षण करणे हे त्यांपैकी पहिले. त्याच यादीत असेही आहे की, कोणत्याही शाक्याच्या वर्तनात दोष दिसला तर भीती अथवा पक्षपात न बाळगता तो उघड केला पाहिजे. आणि आपल्यावर आरोप झाला तर रागावू नये, दोषी असल्यास कबूल करावे, निर्दोष असल्यास तसे सांगावे. निष्ठा आणि टीका ही दोन्ही एकाच प्रतिज्ञेची अंगे म्हणून येथे आली आहेत. नागसेनांनी पंडितवादाचे जे लक्षण सांगितले, म्हणजे चूक दाखविली असता न रागावणे, ते येथे नागरिकाचे कर्तव्य बनले आहे. बाबासाहेबांनी हे शब्द सहज लिहिले असतील असे आम्हांस वाटत नाही. जातिसंस्थेविरुद्ध बोलणाऱ्यावर देशद्रोहाचा आळ घेतला जातो याचा अनुभव त्यांनी आयुष्यभर घेतला होता.

पुढे आठ वर्षांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी होते. दोन्हीकडचे लोक जखमी होतात. येथे क्षणभर थांबावे. भांडण सेवकांचे आहे. पाट फोडणारे, शेतात राबणारे, डोकी फुटलेली माणसे ती आहेत. युद्धाचा निर्णय मात्र ज्या सभेत व्हावयाचा तेथे ती नाहीत. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि त्याच्या विरोधाची पहिली पायरी चौकशीची मागणी ही आहे. आगळीक कोणी केली याची चौकशी करा, आपल्याही माणसांनी आगळीक केल्याचे ऐकिवात आहे, असे तो भर सभेत म्हणतो. त्यानंतर तो उपसूचना मांडतो: शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. अहिंसा श्रेष्ठ आहे अशा प्रवचनावर तो थांबत नाही, ही बाब अभ्यासकाने अधोरेखित करावी. तो आधी वस्तुस्थिती मागतो आणि नंतर यंत्रणा सुचवितो.

उपसूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात भरती व्हावे असा ठराव येतो. आणि येथे बाबासाहेबांनी एक तपशील घातला आहे, जो आमच्या मते या प्रकरणाचा गाभा होय. आदल्या दिवशी सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे लोक सभेत होते. बहुमतापुढे मान तुकवावयाची नाही असेही त्यांच्या मनात होते. परंतु उघड बोलण्याचे धैर्य एकालाही झाले नाही. परिणाम त्यांना ठाऊक होते. ते गप्प बसलेले पाहून सिद्धार्थ एकटा उभा राहतो. मग धमकी येते ती देहदंडाची नसते, कारण त्यास कोसलराजाची संमती लागली असती. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू आणि जमिनी जप्त करू, अशी ती धमकी असते. बहिष्कार आणि जमीन ही दोन हत्यारे महाराष्ट्रातील कोणत्या गावात कोणावर उगारली जात आली आहेत, हे या नियतकालिकाच्या वाचकास सांगण्याची गरज नाही.

या प्रकरणाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या सभेत कोलिय नाहीत. सिद्धार्थ त्यांच्यासाठी न्याय मागतो, पण कोलियांचा स्वतःचा आवाज वाचकाला ऐकू येत नाही. पाच जणांच्या मंडळात तो ऐकू आला असता, परंतु ते मंडळ त्या सभेत नाकारले गेले. सिद्धार्थाने राज्य सोडल्यानंतर शाक्यांमध्येच युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहते आणि दोन्ही पक्ष समझोत्याकडे वळतात, ही वार्ता त्यास राजगृहाजवळ कळते. तेव्हा परत जावे की नाही याचा विचार करताना त्याच्या ध्यानात येते की, राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष हा प्रसंगोपात्त असतो, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चालू असतो. हिंसेच्या अभ्यासाला बाबासाहेबांनी दिलेली ही दिशा फार महत्त्वाची आहे. जी चर्चा फक्त सीमेवरच्या हिंसेला हिंसा म्हणते आणि गावाच्या आतल्या हिंसेला 'सामाजिक प्रश्न' म्हणते, ती चर्चा आधीच राष्ट्राच्या चौकटीत बंदिस्त झालेली असते.

बाबासाहेबांच्या मनात हा विषय १९५० नंतर उगवला असे मात्र नाही. बर्ट्रांड रसेल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण त्यांनी १९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'मध्ये लिहिले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील ९३ नामवंत विद्वानांनी आपल्या राष्ट्रावरील सारे आरोप 'खोटे आहेत' म्हणून झटकून टाकणारे जाहीर पत्रक काढले होते. त्यात माक्स प्लांकसारखे शास्त्रज्ञ होते. त्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकास आइन्स्टाईन धरून चारच सह्या मिळाल्या. इंग्लंडात रसेल यांची केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील अध्यापकाची जागा १९१६ साली गेली आणि १९१८ साली त्यांना तुरुंगवास घडला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९१७ च्या ऑक्टोबरात कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना युद्धविरोधी भूमिकेपायी काढून टाकले. त्यावर इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी, स्वतः युद्धाचे समर्थक असूनही, राजीनामा दिला. बाबासाहेब हेच विद्यापीठ सोडून १९१६ साली लंडनला गेले होते. राजवाद काय असतो हे विद्यापीठांनी त्या चार वर्षांत पुरेपूर दाखविले.

अशा वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक भारतीय अभ्यासक रसेलवर लिहितो. तो रसेलची स्तुती करून थांबत नाही. हिंदी वाचक या ग्रंथाचा अर्थ आपल्या परंपरेतील निष्क्रियतेचे समर्थन असा लावतील, ही भीती त्यास वाटते. म्हणून गुरू जॉन ड्युई यांच्या विचाराच्या आधारे तो शक्ती आणि हिंसा यांत भेद करतो. रचनेसाठी वापरलेली शक्ती वेगळी आणि विध्वंसासाठी उधळलेली शक्ती वेगळी. हिंसेला विरोध करणाऱ्याने शक्तीचाच त्याग करावा असे नाही. आपल्या समाजात अन्यायापुढे हात जोडून बसण्यास अहिंसा हे नाव मिळू नये, हा त्यामागील आग्रह आहे. ड्युई स्वतः १९१७ साली अमेरिकेच्या युद्धप्रवेशाचे समर्थक होते. गुरूचा सिद्धांत घ्यावा आणि तो कोठे लागू पडतो याचा निर्णय आपल्या समाजाकडे पाहून करावा, ही शिष्याची स्वतंत्र वृत्ती येथेही दिसते. असो.

आता घराकडे वळू. लेणी पाहावयास वेरूळला निघालेला प्रवासी छावणी, पडेगाव, मिटमिटा करीत दौलताबादच्या वाटेला लागतो. या साऱ्या परिसराच्या आठवणीत १९४८ चा सप्टेंबर आहे. त्या चार-पाच दिवसांना आपल्याकडे एकच नाव नाही. शासनाच्या कागदांत ती 'पोलीस कारवाई' आहे, पाठ्यपुस्तकात 'मुक्तिसंग्रामाची सांगता' आहे, आणि उर्दूत त्याच घटनेला हैदराबादचे पतन अशा अर्थाचे नाव आहे. तिन्ही नावे राजवादाची आहेत. निजामाच्या राजवटीत रझाकारांनी जे अत्याचार केले ते खरे आहेत. १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून केला तो भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केल्याबद्दल. या अत्याचारांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते.

परंतु कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर काय झाले? केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या शिष्टमंडळाने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. अगदी सावध अंदाजाने सबंध संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असे त्यांनी नोंदविले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. रझाकारांच्या जुलमाची दखलही त्याच अहवालात आहे, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही आहे. म्हणजे तो अहवाल पंडितवादाच्या रीतीने लिहिलेला होता. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला तोपर्यंत २०१३ साल उजाडले होते. पासष्ट वर्षे मराठवाड्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्याने जे शिकले ते या कागदावाचून शिकले.

अहवालातील आकडे अंतिम समजावेत असे आमचे म्हणणे नाही. दोन-तीन आठवड्यांत फिरून केलेला तो अंदाज आहे आणि त्यावर मतभेद आहेत. मतभेद जरूर असावेत. पंडितवादात खंडनाला जागा आहेच. प्रश्न असा आहे की, हैदराबादच्या विलीनीकरणाचे मनापासून स्वागत करणारा अभ्यासक या माणसांची मोजदाद करू शकतो की नाही? बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरातच हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये असे स्पष्ट बजावले होते. दलित पुढाऱ्यांतील एक गट तरीही निजामाच्या बाजूस गेला. म्हणून ही चर्चा आपल्यासाठी परक्याची नाही. विलीनीकरण न्याय्य होते आणि त्याच्या मागोमाग झालेल्या हत्या अन्याय्य होत्या, ही दोन विधाने एका वाक्यात लिहिता येतात. ती लिहिण्यास मराठी विद्वत्तेला एवढा संकोच का वाटला, याचे उत्तर त्या सभेत गप्प बसलेल्या अल्पमतात सापडते.

१९४८ च्या बाबतीत राष्ट्र आडवे आले, तर १९७८ च्या बाबतीत प्रदेश आडवा आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली ती याच वेळी. पुढची सोळा वर्षे आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. विचार करावयाचा तो शब्दांचा. ज्या घटनेत एका बाजूची घरे जळाली, धान्य जळाले, विहिरी नासविल्या गेल्या, तिला बहुतांश लेखनाने 'दंगल' म्हटले. दंगल शब्दात दोन पैलवान असतात. 'मराठवाड्याची अस्मिता' हा दुसरा शब्द. विद्यापीठ म्हणजे पंडितवादाचे घर. तेथल्या नावाचा प्रश्न आला तेव्हा विद्वानांतील अनेकांनी प्रादेशिक स्वाभिमानाची ढाल धरली, आणि जळणाऱ्या वस्त्या त्या ढालीमागे दिसेनाशा झाल्या. अत्याचार विरोधी समितीने खेड्यापाड्यांतून फिरून तयार केलेला अहवाल १९७९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला, तो इंग्रजीत. मराठीत लिहिणाऱ्या प्राध्यापकवर्गाने त्याची किती दखल घेतली, हे त्या काळातील नियतकालिके चाळली की कळते.

येथे जपानमधील एका घटनेची आठवण होते. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावरील जागतिक परिषद भरली होती. सोतो झेन संप्रदायाचे वरिष्ठ नेते माचिदा मुनेओ यांनी तेथे सांगितले की, जपानात बुराकू लोकांविषयी भेदभाव उरलेला नाही. बुराकू म्हणजे जपानी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानलेला वर्ग. परक्यांसमोर राष्ट्राची मान खाली जाऊ नये, हाच त्या विधानामागचा भाव होता. बुराकू संघटनांनी जाब विचारला. संप्रदायाला आपली दफ्तरे उघडावी लागली, तेव्हा असे दिसून आले की मृत बुराकूंना त्यांची हीनता दर्शविणारी मरणोत्तर धम्मनामे खुद्द बौद्ध विहारांतून दिली जात होती. मृत्यूनंतरही जात सुटली नाही, आणि ती चिकटविणारे हात बौद्ध पुरोहितांचे होते. पुढे माचिदांनी विधान मागे घेतले. १९९२ साली सोतो संप्रदायाने आशियातील आक्रमणकाळात आपण बजावलेल्या भूमिकेबद्दल पश्चात्तापाचे निवेदन काढले. इचिकावा हाकुगेन यांनी जपानी बौद्धांच्या युद्धजबाबदारीवर १९७० सालीच लिहिले होते, आणि ब्रायन व्हिक्टोरिया यांचे 'झेन ॲट वॉर' १९९७ साली आले. घरातील माणसाने आधी बोलावे, मग बाहेरच्याने लिहावे आणि मग संस्थेने मान्य करावे, असा हा क्रम आहे.

आता २००१ सालच्या दरबानकडे पाहा. वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न यावा म्हणून दलित संघटना दक्षिण आफ्रिकेत पोहोचल्या. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा देशांतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. आंद्रे बेतेय यांच्यासारख्या थोर समाजशास्त्रज्ञानेही जातीला वंशाचे रूप देणे अशास्त्रीय ठरविले. शास्त्र म्हणून बेतेय यांचा मुद्दा तपासण्याजोगा आहे. बाबासाहेबांनीही अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत नाकारलेलाच आहे. पण दरबानमध्ये प्रश्न वंशशास्त्राचा नव्हता. जन्मावरून होणाऱ्या अत्याचाराबद्दल जगाच्या सभेत बोलावे की बोलू नये, हा होता. शास्त्रीय मुद्दा शासनाच्या सोयीचा ठरतो तेव्हा तो मांडणाऱ्या पंडिताने आपण कोणाच्या सभेत बसलो आहोत हेही पाहावे, एवढेच आम्ही म्हणू. प्रिन्स्टनमध्ये माचिदा जे बोलले त्याहून दिल्लीची भूमिका फार वेगळी होती, असे आम्हांस वाटत नाही.

इथपर्यंतच्या विवेचनाला आपले वाचक मान डोलावतील. अवघड भाग यापुढे आहे. श्रीलंका आणि म्यानमार हे आपल्यासाठी केवळ परदेश नाहीत. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत आणि १९५४ साली रंगूनला जागतिक बौद्ध परिषदांस गेले. तेथील भिक्खूंना आपण वंदन करतो, आपल्या विहारांतील कित्येक बुद्धमूर्ती त्या देशांतून आलेल्या आहेत. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरे जाळली गेली. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात लोटले गेले. दोन्ही देशांत चीवरधारी भिक्खूंच्या एका वर्गाने द्वेषाला वाणी दिली. आपल्या परिसंवादांत या विषयाची वेळ आली की काय होते? 'ते खरे बौद्ध नव्हेत' असे एक वाक्य उच्चारले जाते आणि पुढचा निबंध वाचावयास घेतला जातो. कोणी अधिक विचारलेच तर सांगतात, की धम्माचे शत्रू या घटनांचे भांडवल करतात, म्हणून आपण बोलू नये.

शत्रू भांडवल करतात हे खोटे नाही. ज्यांना १९५६ ची दीक्षा आजही सलते, ते म्यानमारचे नाव आनंदाने घेतात. पाश्चात्त्य प्रकाशकांनाही 'हिंसक बौद्ध' या विसंगतीची मोहिनी आहे. २०१० साली निघालेल्या 'बुद्धिस्ट वॉरफेअर' या निबंधसंग्रहाच्या मुखपृष्ठावर हाती पिस्तूल धरलेला बालश्रामणेर छापला होता, आतील अनेक निबंध गंभीर असूनही. ही टीका आपण जरूर करावी. परंतु 'खरे बौद्ध नव्हेत' हा युक्तिवाद आपण इतरांकडून कधी मान्य केला आहे काय? खैरलांजीच्या वेळी कोणी म्हणाले असते की मारणारे खरे हिंदू नव्हेत, तर आपण त्यास काय उत्तर दिले असते? आपण म्हणालो असतो, की कोणत्या ग्रंथाने, कोणत्या संस्थेने आणि कोणत्या सत्तेने हे शक्य केले ते दाखवा. तोच प्रश्न लंकेस विचारावा लागेल. स्टॅन्ली तांबय्या यांनी तो विचारला. त्यांचा 'बुद्धिझम बिट्रेड?' हा ग्रंथ १९९२ साली निघाला आणि श्रीलंकेत त्यावर बंदी आली. लेखक तमिळ आहे, हा त्यांच्यावरील सर्वांत मोठा आक्षेप होता. आपल्यापैकी ज्या ज्या अभ्यासकाच्या प्रबंधावर 'हा तर दलित, हा असेच लिहिणार' असा शेरा पडला असेल, त्यास या आक्षेपाची जात ओळखता येईल. तांबय्यांच्या ग्रंथातील उणिवा दाखविता येतात. विसाव्या शतकाच्या राजकारणावर त्यांचा भर अधिक आहे आणि गावपातळीवरील भिक्खूजीवन त्यामानाने थोडे आले आहे. पण लेखकाच्या जन्मावरून केलेले खंडन हे खंडनच नव्हे.

पालि अभ्यासक्रमात 'महावंस' आहे. महिंद आणि संघमित्तेच्या आगमनासाठी आपण तो शिकतो, बोधिवृक्षाच्या रोपासाठी शिकतो. त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजा तमिळ राजा एळाराचा पराभव करतो आणि एवढ्या माणसांच्या संहाराने त्याचे मन अस्वस्थ होते. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात: खऱ्या अर्थाने दीडच माणूस मेला आहे, एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला; बाकीचे पशुतुल्य होते. विसाव्या शतकातील लंकेत या उताऱ्याचा उपयोग कसा झाला हे सर्वश्रुत आहे. माणूस मोजताना त्याचा धर्म पाहावयाचा, ही रीत मनूची म्हणून आपण जाळली. ती पालि भाषेत आली म्हणून तिला वंदनीय मानता येणार नाही. आणि तोच महावंस एळाराला न्यायी राजा म्हणतो, त्याच्या समाधीस दुट्ठगामणीने मान देवविला हेही सांगतो. ग्रंथकाराच्या हातून पंडितवाद पूर्णपणे सुटलेला नाही.

हा परिच्छेद आमच्या माहितीप्रमाणे वर्गात क्वचितच शिकविला जातो. तो शाक्य संघाच्या प्रकरणाशेजारी ठेवून शिकवावा, अशी आमची सूचना आहे. एकीकडे दोन्हीकडचे जखमी मोजा म्हणणारा सिद्धार्थ आणि दुसरीकडे साऱ्या मृतांची दीड माणसे करणारे अर्हत. विद्यार्थ्याने दोन्ही उतारे वाचावेत आणि निबंध लिहावा. तिसरा कागद म्हणून सुंदरलाल शिष्टमंडळाच्या अहवालातील औरंगाबाद आणि बीडविषयीची पाने द्यावीत. पडेगावपासून नागसेनवनापर्यंत ज्या ज्या ठिकाणी पालि आणि बौद्ध अध्ययनाचे वर्ग चालतात, त्यांपैकी एखाद्याने येत्या वर्षी हा प्रयोग करून पाहिला आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांपैकी दोन-चार प्रसिद्धीस दिले, तर त्यावर या पानांतून चर्चा करता येईल.